भात्याच्या घडीतलं भोक

केरळातल्या मीनच्चिल नदीच्या दोन्ही काठांवरच्या लोकांना इट्टूप फोटोग्राफर माहीत होता तो मुख्यतः मयताच्या फोटोंमुळे. लग्नाचे, चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचे, शाळेचे फोटोही तो काढायचा. पण घरात कुणी गेलं की पाद्र्याला निरोप जायचा, शवपेटी करणाऱ्या सुताराला जायचा आणि त्याच्या मागोमाग इट्टूपला. अंगणात पेटी ठेवायची, तिची डोक्याकडची बाजू थोडी उचलून धरायची आणि मागे सगळ्या गोतावळ्याने उभं राहायचं. परदेशी असलेल्या मुलाला, मुंबईला नर्स असलेल्या बहिणीला तोच फोटो जायचा. आलं कोण, आलं नाही कोण, रडलं कोण, सगळं त्यात दिसायचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि बाकीचे फोटोवाले छोटे कॅमेरे गळ्यात अडकवून हिंडत होते, तरी इट्टूपने आपला लाकडी कॅमेरा सोडला नव्हता. त्याची फिल्म हाताच्या पंजाएवढी. चाळीस माणसं उभी केली तरी चाळिसाव्याच्या भुवया मोजून घ्याव्यात.

असल्या कॅमेऱ्याला एकच वैरी, उजेड. जो हवा तोच, पण नको तिथून आलेला. फिल्मचं एकेक पान अंधारात लाकडी होल्डरमध्ये भरायचं, होल्डर कॅमेऱ्याच्या पाठीत सरकवायचा, त्याची पट्टी वर ओढायची आणि मग भिंगाची टोपी काढायची. या सगळ्यात कुठेही केसाएवढी फट राहिली की फिल्म जळाली. होल्डरच्या तोंडाला मखमल असते, ती झिजते. ती इट्टूपची बायको एलिश्वा नवी शिवून द्यायची. भिंगाची फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. आणि सगळ्यात नाजूक तो भाता, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखाच घड्याघड्यांचा, काळ्या कापडाचा आणि पातळ चामड्याचा, तांदळाच्या खळीने चिकटवलेला. त्या दमट मुलखात खळ म्हणजे झुरळांना मेजवानी.

म्हणून इट्टूप दर आठवड्याला अंधाऱ्या खोलीत बसून भात्याच्या आत छोटा दिवा सोडायचा आणि एकेक घडी उलगडून पाहायचा. टाचणीच्या टोकाएवढा जरी ठिपका चमकला तरी काजळी घोटलेला सरस त्यावर चढायचा. एवढं करूनही फोटो घेताना पट्टी ओढायच्या आधी तो डोक्यावरचं काळं कापड काढून सबंध कॅमेऱ्याला खालून-वरून गुंडाळायचा. लोक हसायचे.

"इट्टूपचेट्टा, कॅमेऱ्याला हुडहुडी भरली की काय?"

"भरली तर भरली," तो म्हणायचा, "तुझ्या बापाचं नाक तर गळून पडणार नाही ना फोटोतून!"

त्याची एकुलती एक मुलगी रेहेल. तिला नदीपलीकडच्या घरात दिली होती. नवरा स्करिया कुवेतला बांधकामावर होता. लग्नानंतर दोघांनी एक पावसाळाही धड एकत्र काढला नव्हता. तिच्या सासूचं, शोशाम्माचं, सुनेवर मनापासून प्रेम होतं. स्वतःला मुलगी नसल्याने ती रेहेलला पोरीसारखीच वागवायची.

त्या वर्षी भाताच्या खाचरांत पाणी उशिरापर्यंत साचून राहिलं आणि रेहेलला ताप आला. आधी कावीळ म्हणून झाडपाला झाला. डोळे हळदीसारखे झाले, लघवी बंद झाली, तेव्हा कोट्टयमच्या मोठ्या इस्पितळात नेली. इट्टूप आणि एलिश्वा तिथल्याच व्हरांड्यात चटई टाकून राहिले. स्टुडिओला कुलूप होतं. कॅमेरा पेटीत बंद होता. इट्टूपला त्याची आठवणही झाली नाही, आणि कुणी करून दिली असती तर त्याच्या अंगावरच तो धावून गेला असता.

रेहेल गेली.

कुवेतला तार केली. उत्तर आलं, "येता येत नाही. फोटो घ्या." स्करियाचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता आणि साहेब तो देत नव्हता, हे पुढे कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की तो येणार नाही आणि त्याला बायको दिसणार ती फोटोतच.

एलिश्वाचा भाऊ समजूतदार माणूस होता. तो म्हणाला, "चंगनाश्शेरीच्या भास्करनला बोलावतो. तुम्ही आज बाप म्हणून उभे राहा."

"भास्करन?" इट्टूप म्हणाला. "त्याची फिल्म केवढी? तिचं तोंड मोहरीएवढं येईल. तो पोरगा तिकडे काय भिंग लावून बघणार बायकोला?"

"अहो, पण आज तुमच्या हातून होईल का ते?"

"हात माझे आहेत. पोरगी माझी आहे. दुसऱ्या कुणाच्या हातून नको."

रेहेलला चादरीत गुंडाळून इस्पितळातून तिच्या सासरी आणलं. सकाळी घरी जाऊन त्याने दोन्ही बाजूंना फिल्म भरलेला एक होल्डर घेतला, कॅमेऱ्याची पेटी उचलली आणि होडीने पलीकडे गेला. भात्यात दिवा सोडून पाहायला वेळ नव्हता. खरं म्हणजे वेळ होता. ते त्याच्या मनातच आलं नाही.

शोशाम्माच्या घरापुढचं अंगण पांढऱ्या वाळूचं होतं. दुपारचं ऊन त्या वाळूवर पडून खालून वर उसळत होतं, माणसांना डोळे किलकिले करावे लागत होते. रेहेलला लग्नातली साडी नेसवली होती, नवऱ्याने लग्नात वेदीपुढे तिच्या डोक्यावर पांघरलेली तीच. कपाळाभोवती कागदी फुलांचा मुकुट होता. एलिश्वा पेटीच्या एका बाजूला, शोशाम्मा दुसऱ्या बाजूला. मागे दोन्हीकडचे पाहुणे, झगा घातलेले पाद्री, चर्चच्या रेशमी छत्र्या धरलेले लोक.

इट्टूप काळ्या कापडाखाली शिरला. दुधी काचेवर सगळं उलटं उमटलं. वर पेटी, खाली माणसं, पाय आभाळाकडे. जन्मभर त्याने जग असंच पाहिलं होतं, त्यात काही नवल नव्हतं. त्याने भिंग पुढेमागे केलं. मुकुटाची फुलं स्पष्ट झाली, मग पापण्या. पापण्या स्पष्ट झाल्यावर तो बराच वेळ कापडाखालीच राहिला. लोकांना वाटलं, काहीतरी जुळवतोय. तो रडत होता. आत अंधार होता आणि कुणी बघणार नव्हतं.

बाहेर आला तेव्हा कापड त्याच्या हातात होतं. त्याने कापडाने तोंड पुसलं आणि ते खांद्यावर टाकलं. होल्डर सरकवला, पट्टी ओढली. तेवढ्यात शोशाम्मा खाली कोसळली. बायकांनी तिला धरलं, पाणी शिंपडलं, पुन्हा उभी केली. पट्टी ओढलेलीच होती. कॅमेरा त्या उसळत्या उन्हात उघडावाघडा उभा होता. कापड इट्टूपच्या खांद्यावर होतं.

"हलू नका," तो म्हणाला आणि त्याने टोपी काढली. मग होल्डर उलटा करून, पट्टी ओढून, सगळे पुन्हा स्थिर होईपर्यंत थांबून दुसरा फोटो घेतला.

कॅमेरा आवरून पेटीत ठेवेस्तोवर शवपेटीचं झाकण लागलं होतं आणि मिरवणूक फाटकाबाहेर पडली होती.

फिल्म धुतली ती दोन दिवसांनी. द्रावणातून पहिलं पान वर काढलं आणि त्याने ते लाल दिव्यापुढे धरलं, तेव्हा आधी त्याला वाटलं बोटाचा डाग आहे. मधोमध, पेटी जिथे असायला हवी तिथे, काळाकुट्ट ढग होता. त्याने दुसरं पान पाहिलं. तिथेही तोच ढग, तेवढाच, त्याच जागी. निगेटिव्हमध्ये काळं म्हणजे कागदावर पांढरं.

मग त्याने भात्यात दिवा सोडला. तळाच्या बाजूला, मधल्या घडीच्या कोपऱ्यात, झुरळांनी खळ खाऊन कापड कुरतडलं होतं. भोक तांदळाच्या दाण्याएवढं होतं. वाळूवरचं ऊन खालून आत शिरलं होतं आणि नेमकं पेटीवर जाऊन सांडलं होतं. त्याने बोट लावलं तर बोटाच्या पेरावर उजेड पडला.

त्याने छाप काढला. सगळे आले होते. एलिश्वाच्या गालावरचा ओघळ दिसत होता. पाद्र्यांच्या झग्याची वीण दिसत होती. मागच्या रांगेतल्या, आयुष्यात कुठेच कुणाच्या लक्षात न राहिलेल्या चुलत्याची वर आलेली कॉलरसुद्धा दिसत होती. आणि हे सगळे लोक मान खाली घालून एका पांढऱ्या धुक्याकडे पाहत होते. धुक्याच्या खालून पेटीचा पायाकडचा भाग आणि साडीचा काठ तेवढा बाहेर आला होता.

निगेटिव्ह खरवडून काही निघतं का, ते त्याने पाहिलं. इतरांच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने, पात्याने त्याने कितीतरी मुरूम आणि व्रण घालवले होते. इथे खरवडायला गेलं की खाली काही नव्हतंच. जे उमटलंच नाही ते कुठून काढणार? त्याने एक पान फाडायला उचललं आणि हात मागे घेतला.

"फोटो आला नाही," असं सांगायचं त्याने ठरवलं. पण शोशाम्मा निरोपाची वाट पाहणारी बाई नव्हती. एक दिवस ती स्वतःच होडीतून आली आणि सरळ आत शिरली. छाप टेबलावर वाळत पडला होता. इट्टूपने तो उचलायला हात पुढे केला, पण तिने आधीच पाहिला. तिने तोंडावर हात घेतला आणि तिथेच गुडघे टेकले.

"एलिश्वा! अगं एलिश्वा, इकडे ये! बघ, न्यायला आला होता बघ. पोरीला न्यायला उजेड आला होता!"

"शोशाम्मा, तसं नाही ते," इट्टूप म्हणाला. "ऐक माझं. ही फिल्म..."

"दुसरी कुठाय? तुम्ही दोन काढल्या होत्या."

दुसरीचाही छाप तिथेच होता. तिने दोन्ही शेजारी ठेवले.

"दोन्हीत! एकाच जागी! आता बोला."

एलिश्वा दारात उभी होती. मुलगी गेल्यापासून तिच्या पोटात पाण्याखेरीज फारसं काही गेलं नव्हतं. ती हळूहळू पुढे आली, त्या धुक्यावर तिने तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली. त्या संध्याकाळी तिने आपण होऊन पेज मागितली. वाटीभर पेज आणि मुगाची उसळ तिने निमूट खाल्ली आणि झोपली. इट्टूप तिच्याकडे पाहत बसला. जे सांगायचं होतं ते त्याने गिळलं.

पुढे ते हाताबाहेर गेलं. शोशाम्माने एक छाप कुवेतला पाठवला, एक आपल्या देवघरात येशूच्या तसबिरीखाली लावला. बायका बघायला येऊ लागल्या. कुणाचं मूल दुखणाईत, कुणाच्या पोरीचं लग्न जमत नव्हतं. मेणबत्त्या लागू लागल्या. लोक इट्टूपकडे छाप मागायला यायचे. तो नाही म्हणायचा, कागद संपलाय म्हणायचा. लोक त्याला त्याची नम्रता समजायचे.

पाद्र्यांनी त्याला एकदा चर्चमध्ये बाजूला घेतलं. ते वयस्क होते, अशा गोष्टींची त्यांना धास्ती वाटायची.

"इट्टूप, हा तुझा धंदा आहे. तू सांग मला. काय आहे ते?"

सांगायची हीच वेळ होती. मागच्या बाकावर एलिश्वा जपमाळ ओढत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता.

"मला माहीत नाही, अच्चन," इट्टूप म्हणाला.

"तुला माहीत नाही?"

"नाही."

पाद्री म्हणाले, "जा." खोटं पोटात ठेवून प्रसाद घ्यायचा नसतो, म्हणून त्या रविवारी इट्टूपने तो घेतला नाही. पुढेही घेतला नाही.

स्करिया आला तो करार संपल्यावर, वर्ष उलटून गेल्यानंतर. वाळला होता, उन्हाने काळवंडला होता. आईकडे सामान टाकून तो लगेच नदी ओलांडून सासऱ्याकडे आला. स्टुडिओतल्या बाकावर बसला, इकडचं तिकडचं बोलला.

"अप्पच्चन," तो म्हणाला, "तिकडे आमच्या खोलीत आम्ही दहा-बाराजण होतो. फोटो आला तर सगळे जमले. म्हणाले, नशीबवान आहेस. कुणी मेणबत्ती आणली, कुणी पाया पडलं. मी त्यांना काय सांगू? मला तिचा चेहरा बघायचा होता हो. मला उजेड घेऊन काय करायचंय?"

इट्टूप टेबलावरचे कागद सरळ करू लागला.

"तुम्ही तर पाहिलीत. सगळ्यांत नीट तुम्हीच पाहिली असणार. मला सांगा ना, कशी दिसत होती? त्रास झाल्यासारखी? की झोपल्यासारखी? अम्मची, माझी आई, म्हणते हसत होती. अम्मचीचं मी धरत नाही, ती काहीही म्हणेल. तुम्ही सांगा."

इट्टूप सांगायला लागला. मुकुटात फुलं होती, पांढरी, कागदाची, डावीकडचं एक सुटलेलं. साडीच्या काठावर ऊन होतं. पापण्या... तिथे तो अडखळला. त्याने डोळे मिटले. त्याला चेहरा दिसला तो उलटा. हनुवटी वर, कपाळ खाली, धूसर, दुधी काचेवरचा. तो सुलटा करायला गेला की विरघळून जायचा. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की त्या दिवशी त्याने आपल्या मुलीकडे साध्या डोळ्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. इस्पितळातून आणताना ती चादरीत होती. मग तो कॅमेरा आणायला गेला. मग काचेत पाहिली. मग कॅमेरा आवरत बसला.

"मला नाही आठवत," तो म्हणाला.

"बापाला आठवत नाही?"

"नाही आठवत रे! मी फोटो काढत होतो!" तो एकदम ओरडला. आणि मग त्याला थांबता आलं नाही. "तो उजेडबिजेड काही नाही. भात्याला भोक होतं. झुरळांनी खाल्लं होतं. मी बघितलं नाही. दर आठवड्याला बघतो, तेव्हा नाही बघितलं. वर कापड टाकायचं तेही नाही टाकलं. भास्करनला बोलावतो म्हणत होते, मी नको म्हटलं. मीच नको म्हटलं."

स्करियाला आधी काही उमजलं नाही. इट्टूपने कॅमेरा काढला, भाता ताणला आणि तळाची घडी दाखवली. भोकावर काळ्या कापडाचा तुकडा बसवला होता. स्करियाने त्यावर बोट फिरवलं.

"एवढंसं?"

"एवढंसंच."

"आणि वर्षभर तुम्ही माझ्या आईला त्याच्यापुढे मेणबत्त्या लावू दिल्यात."

स्करिया उठला. दारात एलिश्वा होती, दोन्ही हातांत काळ्या चहाचे पेले घेऊन. तिने किती ऐकलं ते तिच्याकडे पाहूनच कळत होतं. स्करिया तिच्या बाजूने अंग चोरून बाहेर पडला. चहा न घेता.

एलिश्वाने पेले टेबलावर ठेवले.

"खोटं बोललात त्याच्याशी," ती म्हणाली.

"खरं बोललो."

"देवाने माझ्या पोरीला आपल्या पदराखाली घेतलं आणि तुम्ही म्हणता झुरळ!"

"एलिश्वा, चल, अंधारात चल. तो तुकडा काढतो, तुला दाखवतो."

"मला काही बघायचं नाही." तिचा आवाज चढला नव्हता, त्याचंच इट्टूपला भय वाटलं. "आणि असलंच भोक, तर असू दे. तुम्ही भोक राहू दिलंत. माझ्या पोरीच्या वेळीच राहू दिलंत. लोकांच्या मेलेल्यांना किती जपलंत तुम्ही! हे मला कशाला सांगितलंत? एवढं एक होतं माझ्याजवळ. तेही तुम्हाला बघवलं नाही?"

"तुला नाही सांगितलं. त्याला सांगितलं."

"घर केवढं आहे आपलं?"

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. काही आठवड्यांनी तेही थांबलं. शोशाम्माचे गुडघे दुखतात, तिला सोबत हवी, असं कारण सांगून ती कपड्यांचं गाठोडं घेऊन पलीकडे राहायला गेली. इट्टूपने होडीपर्यंत गाठोडं वाहून नेलं. तिने नेऊ दिलं.

स्करियाने आपल्या आईला काही सांगितलं की नाही, ते कुणालाच कळलं नाही. तो पुन्हा कुवेतला गेला. पुढच्या सुट्टीत त्याचं वैक्कमकडच्या एका मुलीशी लग्न झालं. त्या लग्नाचे फोटो भास्करनने काढले. हळूहळू गावातली मयतंही भास्करनकडे गेली. इट्टूप देवाला नाकारतो, अशी कुजबुज होती. कुणी तोंडावर म्हणालं नाही. बोलावणंच येईनासं झालं.

रेहेलच्या स्मृतिदिनाला, तिसऱ्या की चौथ्या, इट्टूप पलीकडे गेला. शोशाम्माच्या घरात प्रार्थना चालली होती. बायकांचे आवाज एकात एक मिसळले होते, तरी त्यातला एलिश्वाचा त्याला वेगळा ऐकू येत होता. आत जायला त्याला कुणी मज्जाव केला नव्हता. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला. उघड्या दारातून तसबिरीखालच्या त्या फोटोची चौकट आणि मेणाचे ओघळ दिसत होते. त्याने तोंड अंगणाकडे केलं.

प्रार्थना संपल्यावर शोशाम्मा भिंत धरत बाहेर आली. तिने त्याच्या हातात काळी कॉफी आणि केळीच्या पानावर चार अप्पम ठेवले.

"एलिश्वाची तब्येत बरी आहे ना?" त्याने विचारलं.

"बरी आहे."

"झोप लागते?"

"लागते." शोशाम्मा थोडी घुटमळली. "बोलावू का तिला?"

आत भांड्यांचा आवाज चालू होता. तो क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"नको," इट्टूप म्हणाला. "कामात असेल."

त्याने कॉफी संपवली, अप्पम तसेच पानात गुंडाळून घेतले, चपला घातल्या आणि तो धक्क्याकडे निघाला.